चूक कुणाच्या नावे?

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला लेथची ओळख बहुधा दुकानाच्या बाजूने होते. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांची हार्डवेअर, बेअरिंग आणि मशिन टूल्सची दुकाने आहेत. पेटीतून आलेला चक फळीवर जातो, फळीवरून गिऱ्हाइकाच्या हाती जातो आणि कधीकधी महिन्याभराने ‘हा चक खराब आहे’ या तक्रारीसह पुन्हा काउंटरवर येऊन बसतो. माझी ओळख मात्र बँकेच्या बाजूने झाली. लघुउद्योगांच्या कर्जविभागात असताना कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत तारण यंत्रांची पाहणी करण्याचे काम माझ्याकडे होते. यादीत ‘लेथ, एक नग, चकसह’ असे लिहिलेले असे. यंत्रावरचा क्रमांक यादीशी ताडून आम्ही खूण करीत असू आणि पुढच्या यंत्राकडे वळत असू. त्या ‘चकसह’ या शब्दात काय काय भरलेले असते, ते मला निवृत्तीनंतर, भाच्याच्या कारखान्यात कळले.

भाच्याचे घराणे मूळचे दुकानदारीचे. त्याने मात्र उत्पादनात उतरायचे ठरवले आणि चार लेथ घेऊन बुश, पिना, वॉशर असे सुटे भाग करून देण्याचे काम सुरू केले. हिशेबतपासणीसाठी मी महिन्यातून दोनदा जात असे. अशाच एका फेरीत त्याने माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक होता ४०० बुश नाकारल्याचा गिऱ्हाइकाचा शेरा, आणि दुसरा संगणकचलित लेथचा, म्हणजे सीएनसीचा, १८ लाखांचा दरपत्रक-कागद. “मामा, कर्जाचे कागद तयार करून द्या,” तो म्हणाला. “आमच्या मिस्त्रींची नजर आता गेली. हाताच्या यंत्रावर हे काम निभणार नाही.”

त्याच्या मेजावर उचलीची वही उघडी होती. कामगारांनी घेतलेल्या आगाऊ रकमा त्या वहीत मांडतात. मिस्त्रींच्या पानावर, त्यांनी कधीही न उचललेले ५२,००० रुपये पेन्सिलीने नावे टाकलेले मला दिसले. दरमहा २,००० प्रमाणे पगारातून वळते करून घ्यायचा विचार होता. मिस्त्री तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते आणि कारखान्याच्या पहिल्या दिवसापासून तेथे होते.

मी एवढेच म्हटले की कर्जाचे नंतर पाहू. आधी फरक कोठे आहे ते शोधू. ज्याने आयुष्यभर तेरीज जुळवली आहे, त्याला फरक दिसला की तो कुणाच्या तरी खाती टाकून मोकळे होणे जमत नाही. शिवाय कायदाही आहे. वेतन देण्याबाबतच्या १९३६ च्या कायद्यात, मालाच्या नुकसानीपोटी पगारातून कपात करायची तर ते नुकसान कामगाराच्या हलगर्जीमुळेच झालेले असले पाहिजे, आणि कपातीपूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, अशी तरतूद होती. मिस्त्रींचे म्हणणे अद्याप कोणी विचारलेलेच नव्हते. मी विचारले तेव्हा ते एका वाक्यात म्हणाले, “साहेब, चक आउट मारतोय. मालकांना दोनदा सांगितलं.”

येथे चकविषयी थोडे सांगितले पाहिजे. लेथमध्ये काम फिरते आणि हत्यार स्थिर राहून त्याला तासते. फिरणारे काम पकडणारा पंजा म्हणजे चक. सर्वत्र आढळतो तो तीन जबड्यांचा. कारखान्यात जबड्याला ‘जॉ’ म्हणतात. चकच्या पोटात एक लोखंडी चकती असते आणि तिच्या तोंडावर चकलीसारखी गुंडाळत गेलेली खाच असते. चावी फिरवली की चकती फिरते आणि त्या खाचेत दात अडकवलेले तिन्ही जबडे एकाच वेळी, एकाच मापाने आत किंवा बाहेर सरकतात. गोल सळई ठेवा, चावी आवळा, ती आपोआप मध्यभागी येते. ही सोय इतकी मोठी आहे की ती किती अचूक आहे हे विचारायचेच राहून जाते. वस्तुतः साधा नवा चकसुद्धा तंतोतंत मध्य देत नाही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या मापाने पाच ते आठ भागांचा फरक त्यात असू शकतो आणि तो दोष मानला जात नाही. आपल्याकडच्या जुन्या कारागिरांचे ‘सूत’ हे माप इंचाच्या आठव्या भागाचे, म्हणजे तीन मिलिमीटरहून थोडे अधिक. त्या मानाने हे अंतर नगण्य आहे. पण यंत्रातील बुशला ते चालत नाही.

आमच्या गिऱ्हाइकाच्या नकाशात बुशचा बाहेरचा व्यास ४५ मिलिमीटर, भोक ३२, लांबी ४०, आणि भोक धरून बुश फिरवले असता बाहेरच्या पृष्ठावर डायलचा काटा एकंदर ०.०५ मिलिमीटरहून अधिक हलता कामा नये, अशी अट होती. नाकारलेल्या बुशांवर तो ०.१३ ते ०.१५ हलत होता.

डायल हे उपकरण मला फार आवडले. घड्याळासारखी तबकडी, खाली एक बारीक सुई. सुई कामाला टेकवायची आणि काम हाताने सावकाश फिरवायचे. तबकडीवरचे एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. ती खोटे बोलत नाही, पण तिचे बोलणे समजून घ्यावे लागते. काटा चौदा घरे हलला याचा अर्थ मध्य चौदा घरे सरकला असा नाही. तो सात घरे सरकला. एका बाजूला सात पुढे, अर्धा फेरा झाल्यावर सात मागे, म्हणून काटा चौदा दाखवतो. मला हे सांगताना मिस्त्री जरा थांबले, मला पटेल की नाही म्हणून. मला ते क्षणात पटले, कारण कच्च्या तेरजेत हेच होते. जमेची रक्कम चुकून नावे पडली तर फरक त्या रकमेच्या दुप्पट येतो. म्हणून जुने कारकून फरक आला की प्रथम त्याची निमपट करून ती रक्कम रोजमेळात शोधीत. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली असावी, हा दुसरा ठोकताळा. आकड्याकडे पाहूनच चूक कोठल्या जातीची आहे याचा अंदाज बांधायचा, ही पद्धत दोन्हीकडे सारखीच निघाली.

सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघे बसलो. भाचा नाइलाजानेच आला होता.

मिस्त्रींनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे चकला हात लावला नाही. त्यांनी इंजिनाची एक नवी गजन पिन आणली. ही पिन कठीण केलेली आणि ग्राइंडिंग केलेली असते. मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजली, चारही मापे सारखी आली. मापायची वस्तूच वेडीवाकडी असेल तर चकला बोल लावण्यात अर्थ नाही, आणि काळ्या सळईवर डायल लावून चक वाईट ठरवणारे पुष्कळ आहेत, असे ते म्हणाले. पिन चकमध्ये धरून डायल लावली. जबड्यांजवळ काटा १२ घरे हलला. सुई पिनेच्या बाहेरच्या टोकाकडे नेली तेव्हा २० घरे. दोन्हीकडे सारखेच आकडे आले असते तर काम केवळ बाजूला सरकले आहे असे म्हणता आले असते. टोकाकडे आकडा वाढतो याचा अर्थ ते तिरकेही बसले आहे. म्हणजे चुका दोन असाव्यात.

मग सगळ्यात उंच भरणारी जागा खडूने चकवर आणि पिनेवर खूण करून ठेवली. पिन सैल करून तिसरा भाग फिरवली आणि पुन्हा आवळली. उंच जागा पिनेबरोबर फिरून गेली असती तर दोष पिनेचा. ती चकवरच्या खुणेशीच राहिली. दुसऱ्या क्रमांकाच्या जबड्यापाशी. पाच वेळा सोडून पाच वेळा धरली, आकडा जवळपास तोच आणि जागा तीच. मिस्त्रींच्या मते ही चांगली खूण होती. प्रत्येक वेळी निराळी जागा आली असती तर कचरा, सैलपणा किंवा आवळण्यातली हयगय असे काहीही असू शकले असते. नेहमी एकाच जागी होणारी चूक सापडते. बँकेतल्या कोणत्याही निरीक्षकाने याला मान डोलावली असती.

भाच्याने येथे प्रथमच तोंड उघडले. “पण स्पिंडलच झिजला नसेल कशावरून?” प्रश्न रास्त होता; स्पिंडल म्हणजे ज्यावर चक बसतो तो यंत्राचा मुख्य दांडा, आणि तो गेला असेल तर नवे यंत्र घेण्याचे म्हणणे खरे ठरले असते. चक उतरवला. स्पिंडलच्या नाकावर डायल लावली: एक घरही पुरते हलले नाही. आतल्या निमुळत्या भोकातही तेच. लाकडी दांडा खाली घालून स्पिंडल उचलून पाहिला, बेअरिंगमध्ये खेळ नव्हता. नंतर चक आणि स्पिंडल यांच्यामधली बॅकप्लेट पाहिली. कडेला बर नाही, मागे कीस अडकलेला नाही, तोंड सरळ. तरी खात्रीसाठी चक बॅकप्लेटवरून सोडवून तीन बोल्टांच्या जागांपैकी पुढच्या जागी फिरवून बसवला. उंच जागा चकबरोबर फिरली. बॅकप्लेटचा दोष असता तर ती मूळ ठिकाणी थांबली असती.

दुकानदार वाचकांसाठी येथे एक सांगून ठेवतो. मिस्त्री म्हणाले की बाजारात परत येणाऱ्या अनेक चकांचा दोष चकमध्ये नसतोच. बॅकप्लेट ज्या यंत्रावर वापरायची त्याच यंत्राच्या स्पिंडलवर बसवून तिला शेवटचा काट द्यावा लागतो. दुसऱ्याच लेथवर तयार केलेली बॅकप्लेट आणून बसवली की नवाकोरा चकही आउट मारणार. परत आणणाऱ्या गिऱ्हाइकाला नवी पेटी काढून देण्यापूर्वी हा एक प्रश्न विचारावा. दोघांचेही पैसे वाचतील.

आता चक खोलायचा राहिला. जबडे बाहेर काढले, घासलेटने धुतले. प्रत्येक जबड्यावर १, २, ३ असा आकडा असतो आणि त्याच क्रमाने ते खाचेत घालावे लागतात, हे लेथवरच्या नव्या पोरालाही ठाऊक असते. क्रम बरोबर होता. पण त्या आकड्याखाली चकचा अनुक्रमांकही बारीक कोरलेला असतो. मिस्त्रींनी चष्मा वर करून जबडा डोळ्यांजवळ धरला, मग माझ्या हाती दिला. पहिल्या आणि तिसऱ्या जबड्यावर एक क्रमांक, दुसऱ्यावर दुसराच.

कारखान्यात त्याच बनावटीचे, त्याच मापाचे दोन चक होते. दुसरा तिसऱ्या लेथवर होता आणि त्यावर केवळ खरडीचे काम होत असे, म्हणून तेथे कोणाला काही जाणवले नव्हते. उघडून पाहिला, हरवलेला जबडा त्यात होता. कारखान्यात तिन्ही जबडे त्यांच्याच चकच्या अंगात बसवून मग पकडीच्या बाजूने ग्राइंड करतात. म्हणून ते एकमेकांचे आणि त्या अंगाचे सोबती असतात. दोन नंबरच्या जागी दुसऱ्या चकचा दोन नंबर बसतो, सरकतो, आवळतोसुद्धा. केवळ मध्य हलतो. भाच्याने आपण होऊन सांगितले की दिवाळीच्या साफसफाईत सगळे चक खोलून एकाच घमेल्यात धुवायला त्यानेच सांगितले होते, आणि ते काम नव्या पोराकडे होते. मिस्त्री त्या आठवड्यात गावी होते.

जबडे आपापल्या घरी गेले आणि डायल पुन्हा लावली. जबड्याजवळ ५ घरे. भाचा हसला. टोकाकडे मात्र अजून १३. दुसरी चूक शिल्लक होतीच. बँकेच्या ताळमेळात हे मी शेकडो वेळा पाहिले आहे: मोठी नोंद सापडली की सगळे उठायला लागतात आणि उरलेला थोडा फरक ‘नंतर’ म्हणून पडून राहतो. मिस्त्री उठले नाहीत. त्यांनी वहीच्या कागदाच्या तीन चिंधड्या केल्या, त्या पिन आणि जबडे यांच्यामध्ये पुढच्या तोंडाशी ठेवल्या आणि चक आवळला. चिंधड्या बोटाने ओढताच निघून आल्या. मग आतल्या टोकाशी ठेवल्या. त्या फाटल्या, पण निघाल्या नाहीत. वर्षानुवर्षांच्या ताणाने जबड्यांची तोंडे पुढून फाकली होती आणि काम केवळ मागच्या टोकाला धरले जात होते. चाळीस मिलिमीटरचे आखूड बुश अशा पकडीत डोलणारच.

यावरचा उपाय लेथच्याच टूलपोस्टवर लहान ग्राइंडर बांधून जबड्यांच्या पकडीच्या बाजू घासून घेणे हा आहे. जबडे कठीण पोलादाचे असतात, साधे हत्यार त्यांना लागत नाही. घासताना ते मोकळे ठेवून चालत नाही. काम धरताना ज्या ताणात असतात त्याच ताणात राहावेत म्हणून त्यांच्यात तीन खाचांची एक चकती अडकवून चक आवळावा लागतो. यंत्राचा पाट ओल्या फडक्यांनी झाकला, कारण घासदगडाची धूळ पाटावर बसली तर एक दुरुस्ती करताना दुसरे दुखणे विकत घेतल्यासारखे होते. हे काम दुसऱ्या दिवशी झाले. लेथवर दोन सेंटरांमध्ये तासून घेतलेला ४५ मिलिमीटरचा तुकडा धरून पाहिला, तेव्हा फरक जवळ २ घरे आणि दूर ३ घरे आला. वीस मिलिमीटरच्या तुकड्यावर तो ६ होता. पोटातली खाच सगळीकडे सारखी झिजत नाही. जे माप रोज धरले जाते तेथे अधिक झिजते. म्हणून एका मापाला केलेली दुरुस्ती सगळ्या मापांना लागू पडत नाही, आणि तशी अपेक्षा करणाऱ्याने चार स्वतंत्र जबड्यांचा चक घेऊन प्रत्येक काम डायलवर लावावे. चावीच्या तीन भोकांपैकी ज्या भोकातून आवळल्यावर आकडा सर्वांत कमी येत होता, त्याच्याशेजारी मिस्त्रींनी पंचाने एक टिंब मारले. आवळायचे ते नेहमी त्याच भोकातून.

चक सुधारला. पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते मिस्त्री त्यानंतर बोलले ते. “साहेब, चक किती का आउट असेना, एका पकडीत काम पुरं केलं तर माल नापास होत नाही.” मला अर्थ लागायला थोडा वेळ लागला. सळई चकमध्ये तिरकी बसली तरी ती फिरते स्पिंडलच्या मध्याभोवती. त्याच पकडीत बाहेरची बाजू तासली आणि त्याच पकडीत भोक केले तर दोन्ही त्या एकाच मध्याभोवती होतात; चकची चूक कापल्या गेलेल्या कीसाबरोबर निघून जाते. ती मालात येते केव्हा? काम सोडून पुन्हा धरले, तर. पूर्वी या कारखान्यात बुश एकाच पकडीत होत असे. वर्षापूर्वी भाच्याने वेळ वाचवण्यासाठी काम दोन लेथांवर वाटले: एका लेथवर बाहेरची बाजू करून तुकडा कापून घ्यायचा, दुसऱ्यावर तो धरून भोक करायचे. नगामागे दीड-दोन मिनिटे वाचली. चक बरा होता तोवर माल ०.०४ च्या आसपास, मर्यादेच्या काठाकाठाने पास होत राहिला. जबडा बदलला आणि तो काठ गेला. मिस्त्रींनी भाच्याला दोनदा जे सांगितले होते त्यात हेही होते.

भाचा बराच वेळ गप्प होता. व्यापारी माणूस हिशेबाने विचार करतो आणि मला तेच योग्य वाटते. त्याने कागद ओढला आणि चारशे नगांवर वाचलेली मिनिटे एका बाजूला, बुडालेला माल दुसऱ्या बाजूला मांडला. नंतर त्याने विचारले की नवे यंत्र घेतले असते तर हे टळले असते का? मी मिस्त्रींकडे पाहिले. ते म्हणाले की सीएनसीवरही मऊ जबडे कामाच्या मापाला तेथल्या तेथे कापून घ्यावे लागतात; यंत्र वेगळे, पण पकडीचे गणित तेच.

सीएनसीचे कर्ज पुढच्या वर्षी झाले. कामाची मागणी वाढली होती आणि कागद मीच तयार करून दिले. तो निराळा हिशेब होता. नाकारलेल्या ४०० बुशांपैकी एकही वाचले नाही. बाहेरचे माप आणि भोक दोन्ही पूर्ण झालेले असल्याने घासायला जागाच उरली नव्हती. ते भंगाराच्या भावाने गेले. नवे ४०० एका पकडीत झाले आणि पास झाले.

राहिली उचलीची वही. भाच्याने मिस्त्रींचे पान काढले आणि खोडरबर हाती घेतला. मी त्याला थांबवले. पेन्सिलीची असली तरी नोंद झालेली होती, आणि वहीत खोडाखोड चालत नाही. त्याने ती आकड्यांवरून सरळ रेघ मारून रद्द केली, शेजारी सही केली आणि ५२,००० रुपये कारखान्याच्या नासधूस खाती नावे टाकले. मग ती वही मिस्त्रींना दाखवायला तो स्वतः तिसऱ्या लेथपाशी गेला. मिस्त्रींनी आधी हातातले काम संपवले, हात पुसले, पान वाचले आणि भाच्याला विचारले, “मालक, जबडे ठेवायला दोन डबे मिळतील का? एक लाल, एक निळा.”